धाकटीची नजर आणि माझं पहिलं कार्टून

मंडळी, आज नुसता जळफळाट झालाय, आणि तोही सख्ख्या बहिणीवर.

नव्वदच्या दशकात सोनगीरला आमच्या टीव्हीवर रविवारी सकाळी जपानी कार्टून लागायचं. मधेच सगळं चित्र थिजायचं आणि नुसतं तोंड हलायचं. आबा ओरडायचे, "अँटेना फिरवा." मी घराच्या धाब्यावर चढायचे. धाकटी सुनंदा जागेवरूनच म्हणायची, "आबा, अँटेना चांगला शे. त्यास्नी फक्त तोंडच नवं काढेल शे."

दर आठवड्याला भाग द्यायचा म्हणून जपानी लोक असंच काम वाचवतात, हे मला पुढे पुस्तकात वाचून कळलं.

चित्रकलेची शिक्षिका मी झाले. ती बँकेत लागली, पेन्सिल हातात धरत नाही.

आज माहेरी तिला मी केलेलं पहिलं कार्टून दाखवलं. महिनाभर कॉम्प्युटरवर खपले होते. मुलगी, शेळी, झाडाचं पान न् पान हलत होतं. चहा पीत तिने पाहिलं.

"अक्का, बठ्ठंच हाली ऱ्हायनं. मी देखू कोनाकडे?"

शिरपूरला घरी आले आणि ते 'बठ्ठं', म्हणजे कार्टूनमधलं सगळं, थांबवलं. फक्त मुलीची ओढणी हलती ठेवली. आता नजर तिथून हटत नाही.

तिला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?