लाल साच्याचा वास

आमच्या आगरात, दर्याकाठच्या वस्तीत, मासळीचा वास कोणाला येत नाही. जन्मापासून नाकात तोच बसलेला. माझ्या बायकोला तेवढा यायचा. ती पण मासळीवाल्याचीच पोर, डोक्यावर टोपली घेऊन डहाणूचा बाजार केलेली, पण नाक शाबूत. मी दर्यावरून आलो की दारातच अडवायची. "आधी अंगावर पाणी घ्या, मग काय ते बोला." ती गेली आणि दारात अडवणारं कोणी राहिलं नाही. मी तसाच आत जायचो, तसाच जेवायचो, तसाच आडवा व्हायचो.

केकचा तो लाल साचा तिनंच घेतलेला. डहाणूच्या बाजारात. फुलासारखा, मऊ. दुकानदारानं मुठीत चुरगळून दाखवला, सोडल्यावर पुन्हा होता तसा. ती बघतच राहिली. रिक्षात बसल्यावर पिशवीतून काढून स्वतः चुरगळला, उलटा केला, सुलटा केला आणि लहान पोरीसारखी हसली. आमची मुलगी तलासरीला दिलेली, जावई शाळेत मास्तर. त्यांच्या घरी केकची विजेची भट्टी आहे. नातीच्या वाढदिवसाला साचा घेऊन जायचं तिच्या मनात होतं. वाढदिवसाच्या आधीच ती गेली. त्या वर्षी वाढदिवस कोणी केलाच नाही.

साचा माझ्याकडे राहिला. दुकानदार सिलिकॉन म्हणाला होता. मी चौथीपर्यंत गेलेला माणूस, मला ते रबराचं भांडं. फुटत नाही, गंजत नाही, म्हणून त्यात जवळ्याची चटणी ठेवायला लागलो. सुका जवळा, लसूण, तिखट, वर तेल. संपली की विसळायचं आणि नवी भरायची.

पुढच्या थंडीत मुलगी आली. म्हणाली, "बाबा, आईनं घेतलेला साचा दे. रविवारी वाढदिवस आहे. यंदा करायचा."

मी चटणी ताटलीत काढली आणि साचा तिच्यापुढे धरला. तिनं नाकाशी नेला आणि लगेच लांब केला.

"बाबा! ह्यात चटणी?"

"धुतला की जाईल वास."

"नाही जात ह्याचा. हे तेल पिऊन बसतं." मग तिचा आवाज खाली आला. "नवा मिळेल रे कुठंही. पण पोरीला सांगून ठेवलंय, आजीनं घेतलाय त्यातच केक होणार. आईनं आणलेली ही शेवटची वस्तू."

"तू जा," मी म्हटलं. "शनिवारी मी धुऊन आणतो."

राखेनं घासला, चिंचेनं घासला, वर लिंबाचं साल फिरवलं. टोपली, कोयता, हात, आमच्याकडे सगळं असंच साफ होतं. आता कडक ऊन पाहिजे. गावात सगळ्यात चांगलं ऊन कुठं? बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीवर. सावली नाही, वारा भरपूर. बोंबलांच्या दोन रांगांमध्ये साचा टांगला. वाऱ्यावर लाल फूल मस्त हलत होतं. संध्याकाळी नाकाला लावून बघितला. वास नावाला नाही. मी खूश.

शनिवारी एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा बाप्या उठून पुढच्या सीटवर गेला. मला वाटलं, त्याला खिडकी पाहिजे असेल.

तलासरीला मुलीच्या ओट्यावर शेजारची गुजराती बेन भाजी निवडत बसली होती. मी साचा काढला तसा तिनं पदर नाकाला लावला.

"अरे राम! काका, आ शुं लाव्या?"

"धुतलेला साचा."

"ह्याच्या आत अख्खं बंदर आहे!"

मुलीनं विचारलं, "बाबा, वाळवला कुठं?"

सांगितलं. ती कपाळाला हात लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "गेला हा. आता काय खरं नाही."

"गेला कशाला?" बेन म्हणाली. "माझ्या ढोकळ्याच्या साच्यानं लसणाचा वास असाच धरलेला. आधी तेल काढायचं. तेल राहिलं तर वास राहतो."

कढत पाणी, भांड्याचा साबण, पुन्हा कढत पाणी. बोट फिरवून करकर वाजेपर्यंत. मग खायचा सोडा पाण्यात कालवून पाकळीपाकळीत लेप दिला आणि रात्रभर ठेवून दिला. सगळं मीच केलं, मुलीला हात लावू दिला नाही. ज्यानं केलं त्यानं निस्तरावं.

बेनला म्हटलं, "उद्या केक खायला यायचं."

"केक नाही खाणार, काका. खोटं कशाला बोलू? मच्छीचा साचा तो मच्छीचा. पण पोरीला ओवाळायला येईन."

सरळ बोलणारं माणूस मला आवडतं.

सकाळी सोडा धुऊन साचा रिकामाच तापलेल्या भट्टीत ठेवला. तापला तसा जवळा बाहेर निघाला. घरभर. जावयानं खिडक्या उघडल्या, पलीकडे बेनची खिडकी धाडकन लागली. थंड झाल्यावर जावई हुंगून म्हणाला, "थोडा आहे." पुन्हा साबण, पुन्हा भट्टी. मी नाक पुढे केलं तर मुलगी म्हणाली, "तू नको. तुझ्या नाकावरच तर हे सगळं झालं."

मग नातीला बोलावलं. तिनं अख्खं तोंड साच्यात घातलं. आम्ही तिघं उभे.

"कसला येतोय?" मी विचारलं.

"कसलाच नाही."

मुलीनं चिकूचा गर मिश्रणात घातला आणि ते साच्यात ओतलं. भट्टीतून आता गोड वास यायला लागला. तो माझ्या नाकालासुद्धा आला. मुलीनं साचा उलटा केला, कडेनं दाबला, आणि केक सुटून ताटात आला. सगळ्या पाकळ्या शाबूत. बायकोनं रिक्षात तो कसा उलटासुलटा केला होता ते आठवलं.

केक कापायला नातीला जवळ घेतलं, तर तिनं नाक दाबून मला ढकललं.

"साच्याचा गेला. तुझाच येतोय. आधी आंघोळ कर, आजा, मग केक."

मुलगी ओरडली, "असं बोलतात का आजोबांना?"

"ओरडू नको तिला," मी म्हटलं. "टॉवेल दे."

केक थांबला. मी मागच्या मोरीवर गेलो आणि दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं.