उजव्या बटणांची डबी

चिमटेमास्तरांच्या हातून गेलेला माऊस परत दुरुस्तीला आला, असं बावीस वर्षांत घडलं नव्हतं. हा मात्र तिसऱ्यांदा आला होता, आणि तोही घरचाच.

शर्टाच्या खिशात कायम चिमटा, म्हणून मास्तरांना हे नाव पडलं होतं. दुकान जिन्याखालचं, ताठ उभं राहिलं तर डोकं आपटेल असं. माऊसच्या प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्विच असतो. त्यातली तांब्याची पट्टी झिजली की एकदा दाबलं तरी दोन क्लिक होतात, नाहीतर पकडलेली वस्तू मध्येच सुटते. मास्तर तो स्विच काढून तिथे दुसरा बसवत. दुसरा आणत मोडीत निघालेल्या माऊसच्या उजव्या बटणाखालून. "डावं राबतं, उजवं मिरवतं," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. असे न झिजलेले उजवे स्विच त्यांनी एका डबीत जिवापाड जपले होते.

त्यांची बायको छापखान्यात कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावत असे. तिथले बाकीचे माऊस तिला चालत नसत. हाच हवा, सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखा. मास्तर म्हणत, नखरे, दुसरं काय! मागच्या पुस्तकात ओढता ओढता सुटलेलं एक चित्र भलत्याच पानावर छापलं गेलं. छापखान्याच्या मालकीणबाईंनी तिला सांगून टाकलं होतं, पुन्हा असं झालं तर हे काम दुसरीकडे देईन. आणि आज पाचला नवं पुस्तक छपाईला जायचं होतं.

दुपारी एक वाजता बायको दुकानात आली.

"अहो, परत तेच. चित्र सुटतंय."

"अगं, शंभर वेळा दाबून पाहिलंय मी!"

"मग एकशे एकाव्या वेळी सुटत असेल."

"तुझंच बोट अडखळत असेल."

"हो ना. तुमचा स्विच कधी चुकतो का? चुकतं ते माझं बोट!" माऊस टेबलावर ठेवून ती निघून गेली.

मास्तरांनी डाव्या बटणाचा स्विच तिसऱ्यांदा काढला. रागाच्या भरात डाख द्यायची तापलेली सळई अंगठ्याला लागली. नवा स्विच बसवून त्यांनी दोनशे क्लिक मोजले. एकही चुकला नाही. तरी मन खात होतं. शेवटी हत्यारं आणि डबी पिशवीत भरून ते स्वतःच छापखान्यात गेले.

"चालव माझ्यासमोर," ते बायकोला म्हणाले.

तिने माऊस जोडला आणि डाव्या बाजूला ठेवला. डावा हात त्यावर टेकवला. पहिलं बोट उजव्या बटणावर आलं. चित्र निम्म्या पानापर्यंत गेलं आणि गळून पडलं.

"हे काय? डाव्या हाताने?"

"उजवं मनगट दुखतं म्हणून तुम्हाला सांगितलं नव्हतं? कॉम्प्युटरमध्ये बटणं उलटी करून घेतलीत मी. डाव्याचं काम आता उजवं करतं."

तिच्या उजव्या मनगटाला कापडी पट्टा होता. तो पट्टा मास्तरांनी कितीतरी दिवस घरच्या दोरीवर वाळताना पाहिला होता. कशाचा, हे विचारलं नव्हतं. तिने सांगितलं तेव्हा डोळ्याला भिंग लावून ते कसलातरी स्विच तपासत होते आणि "हं" म्हणाले होते. आता त्यांचं त्यांनाच कळेना, चिडावं कोणावर. तीन चांगले स्विच एका धडधाकट बटणाखाली फुकट गेले होते.

"मास्तर, होतंय ना?" मालकीणबाईंनी दारातून विचारलं.

"होतंय," मास्तर गुरकावले. स्वतःवरच. तिथेच टेबलावर त्यांनी माऊस उघडला आणि उजव्या बटणाचा झिजलेला स्विच उपटून काढला. डबीतला एक त्या जागी बसवला. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

बायकोने चित्र ओढलं. ते पानाच्या टोकापर्यंत गेलं आणि सोडल्यावरच थांबलं.

मास्तर जायला उठले नाहीत. स्टूल ओढून तिच्या उजव्या बाजूला बसले.

"मनगट कधीपासून दुखतंय?"

"आता हे तिसऱ्यांदा सांगू?" पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली.

"सांग."

"पाच वाजू द्या. अकरा चित्रं राहिलीत. आणि ती डबी खडखडवू नका."

मास्तरांनी डबी खिशात टाकली आणि पाच वाजायची वाट पाहत बसले.