विळ्यावरचं तांबं

हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि बहुतेक — बहुतेकच — तुमची डाळिंबाची बाग नसेल.

मी आष्ट्याकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली की दहावीची उजळणी लागते. अणू, संयुजा, आम्लं, आम्लारी, समीकरणं संतुलित करणं — सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला हे दिवस फार आवडतात. वर्षभर गप्प बसलेली पोरं या दिवसांत अचानक चांगले प्रश्न विचारतात. कळीच्या चुन्यात पाणी घातलं की ते तापतं, मग ती उष्णता आधी कुठे होती? असलं कुणी विचारलं की माझा दिवस चांगला जातो.

फक्त एका ठिकाणी मी घाई करते. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या पाण्यात लोखंडी खिळा ठेवला की लोखंड पाण्यात उतरतं आणि तांबं बाहेर येऊन खिळ्यावर बसतं. खिळा लाल होतो. दहावीतला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात देखणा प्रयोग. आणि मी तो आजवर एकदाही वर्गात करून दाखवलेला नाही. फळ्यावर समीकरण लिहिते, मोबाइलवर बघा म्हणते, पुढे जाते. मोरचुदाची बाटली कपाटातच आहे. कुणी हात धरलाय का माझा? नाही. मग?

मग सारिकाबद्दल सांगावं लागेल.

सारिका आटपाडीकडची. तिच्या घरी पूर्वापार मेंढरं. घरातली माणसं अर्धं वर्ष मेंढरांमागे फिरायची, पोरीची शाळा बुडायला नको म्हणून तिला कडेगावला आत्याकडे ठेवलेली. आमचं घर त्याच गल्लीत, दोन वळणं पुढे. आमचा ऊस, वडील मिलिटरीत, आणि मी वर्गात पहिली. हे पहिलं असणं मला इतकं सवयीचं झालं होतं की त्याचा वेगळा आनंदसुद्धा व्हायचा नाही.

सारिकाचं तसं नव्हतं. ती पाठ करायला बसली की मध्येच थांबायची. हे असं का? ते तसं का न्हाई? दोघी मिळून एक पान वाचायला घेतलं की संध्याकाळ व्हायची. मला राग यायचा आणि — हेही खरं — मजाही यायची. दहावीच्या पूर्वपरीक्षेत विज्ञानात ती माझ्या पुढे गेली. सरांनी तिचा पेपर सगळ्या वर्गात फिरवला. मी हसून तिच्या पाठीवर थाप मारली. ते हसू खरं होतं का? अर्धं तरी असावं.

तिच्या वडिलांनी, आण्णांनी, मेंढरं कमी करून डाळिंब लावलं होतं. त्या वर्षी बागेचा पहिलाच बहार धरलेला. सगळं घर त्या बागेकडे डोळे लावून बसलेलं, आणि सारिका सांगलीकडे. अकरावीला सायन्स घ्यायचं आणि पुढे शेतीचं कॉलेज, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ती हे फक्त मला सांगायची.

विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या दुपारी आम्ही आमच्या सोप्यात उजळणी करत होतो. एकमेकींना प्रश्न विचारायचे, उत्तर चुकलं की टपली. तेवढ्यात तिच्याजवळ असलेल्या आत्याच्या मोबाइलवर आण्णांचा फोन आला. बोलून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"आण्णा इचारतोय," ती म्हणाली. "उद्या सकाळी बागंवर बोर्डो मारायचाय. शेजारचा म्हणला हुता, इळा बुडवून बघा. पर इळा लाल झाला म्हंजी औषध तयार, का लाल व्हाया नगं? त्यो गेलाय लग्नाला, फोन लागंना. तुला काय वाटतंय?"

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना कालवून केलेलं फवारणीचं औषध. आमच्या भागात द्राक्षाला, डाळिंबाला मारतात. ते नीट जमलंय का हे लोखंडी विळ्याचं पातं बुडवून बघतात. हे मला आज माहीत आहे. त्या दुपारी माहीत नव्हतं. ऊसवाल्यांच्या घरात हे कुठून माहीत असणार? पण मला माहीत नाही, असं वाक्य माझ्या तोंडात बसत नव्हतं.

"लाल व्हायाच पायजे की," मी म्हणाले. "निरीक्षणात काय लिवलंय आपण? खिळ्यावर तांबूस थर."

"व्हय. पर त्यात चुना कुटं हुता?"

बघा, तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी म्हणाले, चुन्यानं काय हुतंय, अभिक्रिया तीच. तिनं जरा मान हलवली आणि आण्णांना फोन लावून तसंच सांगितलं. इळा लाल झाला की औषध तयार, म्हणाली.

इथवर चूक आहे, गुन्हा नाही. चूक कुणाचीही होते. पुढचं मात्र वेगळं आहे.

सारिका घरी गेली आणि तो चुना माझ्या डोक्यातून जाईना. मी समीकरण लिहून काढलं. चुना मोरचुदाशी क्रिया करून ते संपवतो. मोरचूद संपलं, तर विळ्यावर तांबं बसायला येणार कुठून? मी उठले. गोठ्यात पाण्याच्या हौदात टाकायला आणलेली मोरचुदाची पुडी होती, घराला लावून उरलेला चुना होता. दोन प्लास्टिकचे मग घेतले. एकात नुसतं मोरचूद, त्यात स्क्रू सोडला — लाल. दुसऱ्यात चुन्याची निवळी नाही, चांगलं दाट चुन्याचं पाणी ओतलं. सगळं आभाळी रंगाचं झालं. त्यात स्क्रू सोडला, काढला. जसाच्या तसा.

त्या क्षणी मला काय वाटलं? तुम्ही मला धावत गल्लीत गेलेली बघत असाल. तसं नाही झालं. मला आनंद झाला. पुस्तकातलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या हातात जिवंत झालं होतं, आणि मला तिसरा मग हवा होता. चुना थोडा कमी घातला तर? घातला. रंग तसाच छान आभाळी, बघून काही फरक कळत नव्हता. पण स्क्रू बाहेर काढला तर लाल. म्हणजे विळा लाल झाला याचा अर्थ मोरचूद अजून मोकळं शिल्लक आहे, आम्ल शिल्लक आहे, चुना आणखी हवा. हे असं पाणी कोवळ्या पानांवर पडलं तर पानं करपणार. मी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट.

आत्याचं घर दोन वळणांवर होतं. अजून उजेड होता. सारिका घरातच होती, आण्णांचा फोन लागत होता. फक्त जाऊन म्हणायचं होतं — माझं चुकलं, तुझी शंका बरोबर होती. मी तिन्ही मग धुऊन ठेवले. आईनं जेवायला हाक मारली, मी जेवले. मग संयुजांचा तक्ता पुन्हा एकदा वाचला.

का गेले नाही? पूर्वपरीक्षेनंतर पुन्हा एकदा तिच्या खाली जायचं नव्हतं, हे एक. पण त्याखाली अजून काहीतरी होतं, आणि ते मी इतकी वर्षं उलटसुलट करून पाहते आहे. मला बघायचं होतं. खरंच पानं करपतात का? माझं अनुमान बरोबर निघतं का? चौथा मग आटपाडीत होता, आणि मी निरीक्षणाची वाट बघत होते. आहे हे असं आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो प्रश्न आला. खिळा, मोरचूद, निरीक्षण, कारण. मी झक्क उत्तर लिहिलं. लिहिताना मला बाग आठवली का? आठवली. मी पुढचा प्रश्न घेतला.

परीक्षा संपल्यावर सारिका गावी जाऊन आली आणि थेट आमच्याकडे आली. पानं करपली होती, कळी सगळी बुडाशी गळून पडली होती. पहिला बहार गेला. ती रडत नव्हती. माझ्यासमोर बसून तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "तू लालच म्हणली हुतीस न्हवं?"

भांडायला नव्हती आली ती. तिला फक्त नेमकं काय झालं ते कळून घ्यायचं होतं, नेहमीसारखं. आणि मी म्हणाले, "न्हाई गं. मी लाल व्हाया नगं म्हणले. तूच उलटं लक्षात ठेवलंस."

 सारिका ती दुपार मनात पुन्हा एकेक पायरीनं तपासत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता हिला आठवेल, आता ही चुन्याचं काढेल, असं मला वाटत होतं. शेवटी तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवर ठेवला नाही. "मग माज्याच डोस्क्यात उलटं बसलं आसंल," ती म्हणाली.

आण्णा तिला एका शब्दानंही बोलले नाहीत. आणखी कुणाला तरी इचारायला पायजे हुतं, एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी बाग फळली. बागेचं भरून निघालं.

सारिकाचं नाही निघालं. निकाल लागला तेव्हा विज्ञानात ती माझ्या बरोबरीला होती. आत्या म्हणाली, सांगलीला जा, मी बघते खर्चाचं. मी तिथेच बसले होते, हातात चहाचा कप. सारिका म्हणाली, "नगं आत्या. पेपरात लिवता येतंय मला, पर खरं काय कळत न्हाई. माज्यामुळं बाग गेली." आत्यानं माझ्याकडे पाहिलं — वर्गातली हुशार मुलगी, मी तरी समजावेन म्हणून. मी चहा पीत राहिले.

तिनं आर्ट्स घेतलं, मग लग्न झालं, आटपाडीकडेच. सांगलीला मी गेले. रसायनशास्त्र घेऊन पदवी केली.

आता तिच्या सासरी डाळिंबाची मोठी बाग आहे. मिश्रण ती स्वतः करते, गड्यांवर सोपवत नाही. आणि दर बहाराला, औषध कालवून झालं की मला फोन करते. इतकी वर्षं झाली, एकदाही चुकवलेला नाही. काल आला होता. मी शाळेत होते, दहावीचा उजळणीचा तास संपवून बाहेर आले होते.

"आगं, इळा लाल व्हाया नगं, व्हय न्हवं?" ती म्हणाली. "मला म्हाईत हाय तसं. पर माजा माज्यावर भरवसा न्हाई, तुला ठावंच हाय. म्या उलटंच धरती."

मी म्हणाले, व्हय, लाल व्हाया नगं. झाला तर अजून चुना घाल.

तिनं फोन चालूच ठेवला. पलीकडे पिंपात विळा बुडवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "न्हाई झाला. बरं झालं बाई तुला इचारलं."

मी म्हणाले, कवाबी इचार.