शुक्रवारची गोळी

नवरा म्हणायचा, तुझ्यात आत्मविश्वास जरा जास्तच आहे. असेल. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगमध्ये स्वतःचं क्लिनिक चालवणाऱ्या नागपूरच्या बाईला तो कमी असून भागलं नसतं. माझे निम्मे पेशंट मेक्सिकन होते. साखर, म्हणजे मधुमेह, त्यांच्यातही घरोघरी, आणि जेवायचा आग्रह थेट आपल्यासारखा. कामापुरतं स्पॅनिश मी त्यांच्याकडूनच उचललं.

त्यांतली एक आजी माझी लाडकी होती. नवरा गेल्यापासून एकटी राहायची, मला ‘मिहा’ म्हणायची, म्हणजे बाळ. तिला साखरेची गोळी मीच सुरू केली होती. काही झालं तरी एकही दिवस चुकवायची नाही, असं दम देऊनच सांगितलं होतं.

एका सकाळी तिची मुलगी तिला घेऊन आली. हातात एका वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. आजीला एकटीला राहता येत नाही, असं लिहून मी सही करायची होती.

“डॉक्टर, ममाचं डोकं गेलंय,” ती म्हणाली. “गॅस चालू ठेवते. चर्चमधून येताना रस्ता चुकली. आज बेड रिकामा आहे, बॅग गाडीत आहे. दर शुक्रवारी मी काम सोडून पळू शकत नाही.”

आजी समोर बसून नुसती हसत होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. वार कोणता? रविवार, म्हणाली. महिना सांगता येईना. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, ते तिन्ही गेले. वाईट वाटलं, पण स्मृतिभ्रंशाचं निदान मला स्वच्छ दिसत होतं. मी पेन उचललं.

आणि मग मुलीचं वाक्य खटकलं. दर शुक्रवारीच का?

मला माझी आई आठवली. चतुर्थीला दिवसभर पाण्यावर राहायची आणि डॉक्टरला त्यातलं अक्षर सांगायची नाही. उपास ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे? मी आजीला विचारलं, “आज काय खाल्लंत?”

“भरपूर खाते ती,” मुलगी म्हणाली.

“मी त्यांना विचारलंय,” मी फाडकन म्हटलं.

आजी बराच वेळ शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, गेलेल्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी नवस होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काही खायचं नाही.

“आणि गोळी?”

“घेतली ना. चुकवायची नाही म्हणालीस, मिहा.”

कान धरून उभं राहावं, असं वाटलं. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहिली, तर ती तळाला गेली होती. उपाशीपोटी त्या गोळीनं साखर फार उतरते आणि माणूस भ्रमिष्टासारखं करतो. मी तिला संत्र्याचा ज्यूस पाजला. वीस मिनिटांनी परत वार विचारला, तर म्हणाली, “शुक्रवार. आणि हे तू मघाशी विचारलंस.” तीनपैकी एक शब्द मात्र तेव्हाही आला नाही. साखरेनं इतक्या वर्षांत थोडं काही नेलंच होतं. ते परत आणायची गोळी माझ्याकडे नव्हती.

मी मुलीला सरळ सांगितलं, “चूक माझी आहे. मी उपास विचारला नाही.” शुक्रवारची गोळी बंद केली, एरवीचीही कमी केली. पुढे सहा वर्षं आजी स्वतःच्या घरात राहिली आणि शुक्रवारही पाळत राहिली.

पण त्या दिवशी, डोकं ताळ्यावर आल्यावर, तिनं टेबलावरचा फॉर्म ओढून घेतला. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. तिनं मुलीला विचारलं, “यावर सही झाली असती, तर आज रात्री मी कुठे झोपले असते?”

मुलगी पर्समध्ये गाडीच्या किल्ल्या शोधू लागली. आजीनं मग माझ्याकडे पाहिलं आणि मला ते सांगावं लागलं.