देव न आलेली पहाट

तोकुजो हातानोच्या अंगात देव यायचा तेव्हा त्याला आवरायला तीन धट्टीकट्टी माणसं लागत. मी गावच्या नाचमंडळातला बासरीवाला, अगदी जवळून पाहिलंय ते. आमच्या कुरोहामा गावात दर सातव्या वर्षी भाताच्या पेंढ्याचा जाड दोर वळून त्याचा साप करतात आणि मंडपात आडवा ताणतात. रात्रभर कागुरा, म्हणजे देवाचा नाच, झाला की पहाटे तोकुजो त्या दोरावर झेपावायचा. डोळे पांढरे, दोर तुटेल की काय असा ताण. मग गावातली म्हातारी माणसं विचारायची, आग लागेल का? साथ येईल का? समुद्र कसा राहील?

एरवी तोकुजो होडीतून प्रवाशांना निळ्या गुहेत फिरवून आणायचा. पुढचे दोन दात पडलेले, स्वभाव थट्टेखोर. गुहेच्या तोंडाशी आलं की ओरडायचा, "डोकी खाली! इथल्या खडकाला टक्कल दिसलं की राहवत नाही!" हाच विनोद दिवसातून आठ वेळा, आणि आठही वेळा स्वतःच आधी हसायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या बंदरात प्रवाशांचं मोठं जहाज येणार होतं. मंडळाचा प्रमुख मोरिवाकी तोकुजोच्या ओसरीवर येऊन बसला. त्याचं समुद्रकाठी हॉटेल होतं.

"आठ तोंडांच्या सापाचा नाच काय, सगळीच गावं पाहुण्यांना दाखवतात," तो म्हणाला. "आपण अंगात येणं दाखवू."

"दाखवू म्हणजे?"

"थरथरायचं, दोन-चार शब्द बोलायचे. पाहुण्यांना काय कळतंय?"

"पाहुण्यांना नाही कळणार," तोकुजो म्हणाला. "ज्याला कळायचं त्याला कळेल."

"अहो, नाचणारे सहाजण उरलेत. तेही शहराकडे डोळे लावून बसलेत. चार टाळ्या पडल्या तर टिकतील. नाहीतर पुढच्या खेपेला तुम्हाला धरायला तुमच्या बायकोला यावं लागेल."

"येईन की!" आतून याएनोवहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षं दुसरं काय करतेय?"

सगळे हसले. त्या हसण्यात तोकुजोनं मान डोलावली.

भर दुपारी धक्क्यावर खेळ झाला. तोकुजो थरथरला, घुमला, "समुद्र तुम्हाला आशीर्वाद देतोय" असं काहीबाही बोलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. उतरताना त्यानं माझा दंड धरला.

"हिदेमित्सु, सोपं गेलं रे," तो म्हणाला. "इतकं सोपं जायला नको होतं."

नोव्हेंबरात सातव्या वर्षाची खरी पाळी आली. गाव मंडपात दाटलं होतं. पहाट झाली, ढोल चढला, मी बासरी चढवली. तोकुजोनं दोरावर झेप घेतली आणि दोर नुसता हलला. ताण नाही, की झटका नाही. पुन्हा झेप, पुन्हा तेच. धरणाऱ्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ढोल थांबेना, म्हातारे पुढे सरकून बसलेले. तोकुजोनं एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. तसा घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"समुद्र कसा राहील?" म्हाताऱ्या गान्झोनं विचारलं.

"नव्या वर्षापर्यंत शांत," तोकुजो म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचाच होता.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला कळलं होतं. त्या तिघांनाही कळलं होतं. आम्ही चौघंही गप्प बसलो.

आणि समुद्र खरंच शांत राहिला, हे जास्त वाईट झालं. डिसेंबरात आमचा समुद्र असा कधी नसतो. पाणी तेल ओतल्यासारखं जड, लाट किनाऱ्याला लागली तरी आवाज नाही. समुद्रपक्षी उठून कापलेल्या भातखाचरांत जाऊन बसले. माकुळ, म्हणजे स्क्विड, धरणाऱ्या होड्या एरवी या दिवसांत धक्का दिसेल इतपतच जात, त्या आता पार लांब जाऊ लागल्या.

तोकुजो रोज धक्क्यावर यायचा. "आज नका जाऊ," म्हणायचा.

"वा! तुम्हीच सांगितलंत की शांत म्हणून!" इवाने कुरामोतो हसायचा. इवाने सगळ्यांत धीट, नुकता बाप झालेला. "देवाचं ऐकू की तुमचं?"

तोकुजो पुढच्या होडीकडे वळायचा.

एकोणीस तारखेला सकाळी वायव्येकडचं आभाळ तांब्यासारखं झालं होतं. होड्यांची इंजिनं सुरू झाली होती. तोकुजो मासळीच्या खोक्यांवर चढला.

"त्या पहाटे देव आला नव्हता!" तो ओरडला. "मी बोललो होतो. मी, तोकुजो! खोटं बोललो!"

"तोंड आवरा!" मोरिवाकी धावत आला. "गावाची अब्रू..."

पण एकेक करून इंजिनं बंद झाली. कोणी शिवी दिली नाही. गान्झो तेवढा खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग कुणीतरी विचारलं, "इवाने कुठंय?"

इवाने रात्रीच गेला होता. बिनतारी यंत्रावर हाका मारमारून आमचे घसे बसले. दुपारपर्यंत वारा आला आणि धक्क्यावरची खोकी उडून गेली. सहाव्या दिवशी त्याची होडी दोन खाड्यांपलीकडे पालथी सापडली. इवाने सापडला नाही.

तोकुजो इवानेच्या बायकोकडे गेला, मला सोबत घेऊन. सुमिए तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती. तोकुजोनं जमिनीला कपाळ टेकलं आणि सगळं सांगितलं.

"ते तसेही समुद्रावर गेले असते कदाचित," ती म्हणाली. "कुणाचं ऐकणारे नव्हतेच. पण आता मला ते कधीच कळणार नाही. एवढं तुम्ही माझ्या पदरात टाकलंत, काका. उठा आता."

तोकुजोनं होडी विकली. बासरी ऐकू आली की उठून डोंगराकडे चालू लागायचा. चार वर्षांनी झोपेतच गेला.

यंदा सातवं वर्ष पुन्हा आलं. तोकुजोच्या जागी दोरासमोर उभं राहायला कुणी तयार झालं नाही. तरी म्हाताऱ्यांनी दोर वळला, मंडपात बांधला, आम्ही रात्रभर नाचलो. पहाटे गान्झोऐवजी त्याच्या भावानं दोरासमोरच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून विचारलं, आग लागेल का? साथ येईल का? मग तो थांबला. तिसरा, समुद्राचा प्रश्न कुणीच विचारला नाही. मी बासरी पुसून पिशवीत घातली. बाहेर उजाडत होतं आणि दोन होड्या निघायच्या तयारीत होत्या.