सुनंदा गेल्यावरही चालू राहिलेलं गणित

सांगलीच्या आमच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, माहेरी होते. "सुनंदा मॅडम गेल्या," शिपाईमामा म्हणाले. मग जरा थांबून, "खुर्चीतच... कॉम्प्युटर चालूच हाय. बंद करू काय?" मी म्हणाले, "नको, हात लावू नका." असं का म्हणाले, अजून कळत नाही.

सुनंदा आटपाडीकडची. तिचा धाकटा भाऊ सैन्यात होता. सुट्टीवर आलेला, सकाळी धावायला गेला आणि बांधाजवळ कोसळला तो उठलाच नाही. मग घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. हृदयाच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन ज्या सूक्ष्म वाटांनी बाहेर पडतात, त्या वाटांतच जन्मजात दोष निघाला. ठोक्यांची लय कधीही बिघडू शकत होती. दोष सुनंदातही होता, आणि भावाच्या मुलीत, सईतही. दोघींना गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी धोका कमी होतो, संपत नाही, हे सुनंदाला पक्कं ठाऊक होतं.

रसायनशास्त्र शिकवता शिकवता तिनं तीच वाट संगणकावर अणू-अणूनं उभी केली. अंगाला चिकटलेले पाण्याचे रेणू सोडून आयन एकामागोमाग त्या चिंचोळ्या जागेतून कसे सरकतात, ते ती तासन् तास पाहायची. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात जे घडतं, ते मोजायला तिच्या संगणकाला कित्येक आठवडे लागत. एकदा तिची आई आली होती. पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्यात माजं पोरगं कुटं हाय गं?"

"त्यो न्हाई आये. त्येचं कुटं अडलं, ते हुडकतीया."

ते गणित तिच्यामागं अकरा दिवस चालू राहिलं. मी रोज त्या खोलीत जायचे. आकडे सरकत असायचे, जणू ती नुसती चहाला उठून गेलीय... बाराव्या दिवशी ते थांबलं. त्यातून तयार झालेलं आयनांचं चित्रण मी लावलं. चार आयन निघून गेले. पाचवा मधेच थबकला आणि त्याच्याभोवतीची वाट आक्रसून मिटली. पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच. तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शकांना ते पाठवलं. औषध अजून लांब आहे, पण नेमकं कुठं अडतं ते तिनं दाखवलंय, असं ते म्हणाले.

हे सांगायला मी आटपाडीला गेले. सकाळी बोलत बसलो असताना फडताळातला सुनंदाचा फोन वाजला. गजर म्हणून तिनं स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता, "सुनंदा, गोळी घे." सई उठली, पाण्याचा तांब्या उचलला आणि आपली गोळी गिळली.

"आमी त्यो बंद करीत न्हाई," सुनंदाची आई म्हणाली.