ग्रहणाला वाटलेले छातीचे फोटो

कंपनीच्या ऑफिसातला चहा मी आयुष्यात एकदाच घेतला. चहा वाईट नव्हता. पण पाजणाऱ्यांची जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

आमचे हे हिंगण्याला सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. काम अ‍ॅस्बेस्टॉसची पोती फोडायचं. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव बसलेली असायची. कपडे धुताना मलाही ठसका लागायचा. यावर कंपनीचा इलाज काय, तर गूळ! पाळी सुटली की प्रत्येकाच्या हातावर एक खडा. गुळानं धूळ पोटात उतरते म्हणे. फुफ्फुसाचा रस्ता पोटातून जातो, हे त्या साहेबांना कोणत्या कॉलेजात शिकवलं देव जाणे.

दरवर्षी मात्र एक गाडी यायची आणि सगळ्यांच्या छातीचे फोटो काढून न्यायची. कामगाराच्या हाती फोटो पडायचा नाही. कोण धुळीत किती वर्षं राबला, त्याची छाती कशी आहे, ते सगळं कंपनीनं जपून ठेवायचं, असा सरकारी नियमच आहे, असं हे मोठ्या भरवशानं सांगायचे. आपली छाती कंपनीच्या कपाटात सुखरूप आहे, असंच त्यांना वाटायचं.

मग खोकला लागला. विम्याच्या दवाखान्यात क्षय ठरवून सुया सुरू केल्या. सुया संपल्या, खोकला तसाच राहिला. आम्ही थोरल्या दिरांसोबत एकत्र राहत होतो. जावेनं यांचा गिलास मांडणीवरून काढून मोरीपाशी ठेवला. माझी धाकटी यांच्या मांडीवर बसली की ती तिला हात धरून ओढून न्यायची. गिलास मी रोज परत मांडणीवर ठेवायचे, ती रोज काढायची. एक दिवस चांगलीच जुंपली. ती म्हणाली, "हा क्षय नाही म्हणून डॉक्टरकडून लिहून आण. मंग मीच माझ्या हातानं ठेवीन तो गिलास."

बरं, म्हटलं, आणते.

दवाखान्यात एक नवे डॉक्टर आले होते. त्यांनाही हा क्षय वाटत नव्हता. ही धूळ दिसते, म्हणाले. पण आताच्या एका फोटोवरून विम्याचं डॉक्टरांचं बोर्ड मानणार नाही. कंपनीकडून जुने फोटो आणा, वर्षागणिक छाती कशी बदलत गेली ते दाखवता आलं की लिहून देतो. यांना बसमध्ये चढवत नव्हतं, म्हणून मी गेले.

साहेबांनी अदबीनं बसवलं, चहा मागवला आणि धुळीच्या मोजणीचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. आमचं सगळं व्यवस्थित असते बाई, पहा. पाहिलं. पानामागून पान एकाच शाईत, एकाच हातानं आणि एकच आकडा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही धूळ मोजलेली! बंद कारखान्यात कोण उडवत होतं ती? पण मी रजिस्टर मिटून परत सरकवलं. मला फोटो हवे होते.

कारकुनानं कपाट उघडलं. आत पाकिटं नंबरवार लावून दोरीनं बांधलेली. यांच्या नावाची पाकिटं त्यानं माझ्या हातात दिली, तर ती हलकी लागली. एकेक उघडलं. सगळी रिकामी.

"हे रिकामे काहून आहे?" मी विचारलं.

तो हसला. "ते ग्रहणाले वाटले ना, बाई."

मोठं सूर्यग्रहण होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती आणि फोटोची गाडी त्यानंतर फिरकलीच नव्हती. साहेबांच्या पोरांना सूर्य पाहायला काळी फिल्म हवी होती. मग बाकीच्या साहेबांच्या पोरांनाही हवी झाली. उरल्या त्या कापून गेटवर कामगारांना वाटल्या, कोणाचे डोळे जाऊ नयेत म्हणून. डोळ्यांची केवढी ती काळजी, मेल्यांना! पाकिटं तेवढी राखली, कारण तपासणीला येणारा इन्स्पेक्टर पाकिटंच मोजून जातो. हे तो लपवतही नव्हता. साहेब मान डोलवत म्हणाले, चहा थंडा होऊन राहिला, घ्या.

त्या घोटाबरोबर मला आमची गच्ची आठवली. हेही त्या दिवशी गेटवरून अशीच एक पट्टी घेऊन आले होते. सगळी गल्ली आमच्याकडे जमली होती आणि जाऊ सगळ्यात पुढं. कोणाच्या तरी बरगड्यांतून आम्ही पाळीपाळीनं सूर्य पाहिला, हसलो. हे मला म्हणाले होते, "नीट धर वं, माणसाची छाती आहे."

ती पट्टी घरी पेटीत सापडली. ती घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी उजेडासमोर धरली. अर्धं फुफ्फुस होतं आणि नंबराचा कोपरा कापलेला. कोणाचं आहे हे, त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक! त्यांनी पट्टी हळूच माझ्या हातात परत दिली.

बोर्डानं क्षयच कायम केला. कागद घरी आला तो यांनीच उघडून वाचला. जाऊ चुलीपाशी उभी होती. या वेळी गिलास काढायला ती जागची हलली नाही. हे उठले, धापा टाकत मांडणीपर्यंत गेले, आपला गिलास काढला आणि मोरीपाशी नेऊन ठेवला. धाकटी नेहमीसारखी त्यांच्याकडे धावली, तर त्यांनी हात आडवा केला.

"येऊ नको वं माय," ते म्हणाले. "तिकडंच बस."